नर्सिंग कॉलेजांचा पंचनामा : प्रवेशाआधी वॉर्डात जाऊन या

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर नर्सिंग कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. पांढऱ्या ॲप्रनमधली हसरी मुलगी, मागे काचेची इमारत, खाली ‘१००% नोकरीची हमी’. रुग्णालयात खाटा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती, हे मात्र फ्लेक्सवर कधी सापडत नाही. नर्सिंगमध्ये वर्गापेक्षा जास्त तास प्रात्यक्षिकात आणि वॉर्डात जातात. म्हणून महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांची ही पाहणी त्याच क्रमाने केली आहे: आधी वॉर्ड, मग शिकवणारे, मग पैसे. इमारत सगळ्यात शेवटी, आणि तिच्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नाहीच.

अभ्यासक्रमांचा घोळ आधी मिटवू. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. जीएनएमला कोणतीही शाखा चालते, इंग्रजी मात्र लागतं. जीएनएम केलेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर ‘आधी जीएनएम, नोकरी धरून मग पोस्ट बेसिक’ हा मार्ग कमीपणाचा अजिबात नाही. या तिन्हीशिवाय बाजारात ‘सहा महिन्यांत नर्सिंग’, ‘पेशंट केअर डिप्लोमा’, ‘होम नर्सिंग’ अशी दुकानं आहेत. त्यांतून बाहेर पडलेल्याची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरती नाही, परदेश नाही. रुग्णालयात मदतनीस म्हणून काम मिळतं, तेही मदतनिसाच्या पगारावर.

कागद तपासायला अर्धा तास पुरतो, तरी बहुतेक पालक तो देत नाहीत. बी.एस्सी.चं कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न हवं. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा मुंबईचं महाराष्ट्र शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. शिवाय भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे आयएनसीच्या, संकेतस्थळावर राज्यनिहाय याद्या असतात. तिथे कॉलेजचं नाव शोधताना तीन गोष्टी जुळवा: पत्ता, वर्ष आणि जागा. नाव तेच पण पत्ता दुसऱ्या गावचा, यादीत ४० जागा आणि कॉलेज म्हणतं ६०, किंवा मान्यता जीएनएमची आणि प्रवेश बी.एस्सी.चा, असे घोळ याच तीन रकान्यांत सापडतात. ‘मान्यता प्रस्तावित’ असं छापलेलं असेल तर पुढचं पान उलटू नका. मंजूर जागांच्या वर घेतलेल्या विद्यार्थ्याचं नाव विद्यापीठाच्या पात्रता यादीत जात नाही, आणि हे त्याला परीक्षेचा फॉर्म भरताना कळतं.

आता प्रकारवार.

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या संस्था अव्वल, यात वाद नाही. मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं कायम ओसंडून वाहतात आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. सलाईन लावायला हात बसतो, कारण लावायला माणसं असतात. तक्रारी ठरलेल्या. हॉस्टेल जुनं, एका खोलीत गर्दी, आणि वॉर्डात मनुष्यबळ कमी पडलं की विद्यार्थिनींचा बिनपगारी स्टाफ होतो. लॅबचे रिपोर्ट आणायचे, ट्रॉली ढकलायची, बेड करायचे. पहिल्या वर्षात हे थोडं चालतं. तिसऱ्या वर्षातही तेच चालू असेल तर शिकणं थांबलं असं समजा. तरीही इथून बाहेर पडलेली मुलगी कुठल्याही वॉर्डात पहिल्या दिवशी गांगरत नाही. फीसुद्धा खासगीच्या मानाने किरकोळ. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गुण असतील तर बाकी काही पाहू नका.

पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं, नर्सिंग कॉलेज वेगळ्या वाटेचं. फक्त मुलींसाठी, प्रवेशाचा रस्ता नीटमधून, शिक्षण आणि राहणं सरकारी खर्चाने, आणि बदल्यात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये सेवा करण्याचा करार. बदल्या आणि शिस्त मान्य असेल त्यांच्यासाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही. गावाजवळ राहायचं असेल त्यांनी इकडे वळू नये.

मिशन आणि जुन्या धर्मादाय रुग्णालयांच्या शाळा, जसं पाचगणीचं बेल एअर, या गटाची ओळख म्हणजे बेडसाइड शिक्षण. गणवेशाची इस्त्री, नखं, केसांची जाळी, हँडओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची, भाषा यांवर काटेकोर नजर असते. अनेकींना ती जाचते. पण नोकरी देणारे या शिस्तीला किंमत देतात. बाहेर जायच्या वेळा कडक असतात, हे प्रवेशाआधीच विचारून ठेवा.

अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, कराड, लोणी, पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणची, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात असतात. त्यामुळे रुग्णांची वानवा सहसा नसते, सिम्युलेशन लॅब चांगल्या असतात. फी जास्त. आणि एक गोष्ट फी विचारताना कोणी सांगत नाही: सरकारच्या मुलींसाठीच्या शुल्कमाफीत अभिमत विद्यापीठं बसत नाहीत.

उरली तालुक्याची खासगी कॉलेजं. संख्येने हीच सगळ्यात जास्त, आणि निवड चुकते ती इथेच. यांत उत्तम कॉलेजं आहेत. स्वतःचं चालतं रुग्णालय असलेला डॉक्टर किंवा ट्रस्ट मनापासून शाळा चालवतो तेव्हा शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजला मागे टाकतो. आणि यांतच बडा घर पोकळ वासा अशीही आहेत. दोघांचं माहितीपत्रक सारखंच दिसतं. फरक ओळखायला एक हिशेब पुरतो.

आयएनसीच्या निकषांप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं किंवा पालक रुग्णालय किमान १०० खाटांचं हवं, वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. समजा वर्षाला ६० जागा आहेत. चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी. १०० खाटांपैकी ७५ भरलेल्या धरल्या, आणि हे उदारपणे धरलं, तर एका वेळी २५ जणांना नीट काम मिळेल. बाकीचे कुठे जातात? उत्तर ‘संलग्न रुग्णालयात’ असेल तर कोणत्या, किती किलोमीटरवर, आठवड्यातून किती दिवस, आणि सोबत कॉलेजचा शिक्षक असतो का, हे विचारा. या सगळ्याचं उत्तर एका कागदावर असतं, त्याला मास्टर रोटेशन प्लॅन म्हणतात. कोणती बॅच कोणत्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात, हे त्यात असतं. चांगलं कॉलेज तो कागद भिंतीवर लावतं. मागितल्यावर ‘बघू, मॅडमकडे आहे’ असं ऐकू आलं तर तिथल्या पोस्टिंगचा, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकांचा, अंदाज आला.

रुग्णालय पाहायला आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जा, सांगून जाऊ नका. कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी वॉर्ड भरलेला दिसणं यात नवल नाही. बुधवारी सकाळी भरलेला असेल तर खरा. ओपीडीची रांग पाहा. केसपेपर खिडकीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक आणि आरोग्यमित्राचं टेबल असेल तर चांगली खूण, कारण योजनेतून शस्त्रक्रियेचे रुग्ण येतात. प्रसूती विभाग आहे का, महिन्याला किती बाळंतपणं होतात, नवजात बालकांचा कक्ष चालू आहे की कुलपात, हे सिस्टरना विचारलं तर त्या सांगतात. रिसेप्शनला विचारू नका.

रुग्ण कमी असले की नेमकं काय बिघडतं? एका खाटेभोवती सहा जणी उभ्या. एकीने इंजेक्शन दिलं, दुसरीने ट्रे धरला, चौघींनी पाहिलं, आणि संध्याकाळी सहाही जणींच्या वहीत ‘केलं’ अशी नोंद. बी.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमाच्या लॉगबुकात प्रत्येक कौशल्यासमोर स्वतः केलं, मदत केली, पाहिलं असे वेगळे संकेत आहेत आणि जमलं की शिक्षकाची सही घ्यायची असते. वरच्या वर्गातल्या कोणाचं लॉगबुक पाहायला मिळालं तर पाहाच. महिन्याभराच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच तारखेच्या दिसल्या तर त्या वॉर्डात झालेल्या नाहीत, स्टाफरूममध्ये झाल्यात. अशा वहीवर परीक्षा पास होता येते. पहिल्या नोकरीच्या पहिल्या रात्रपाळीला मात्र ती वही उपयोगाची नसते.

बाळंतपणाची नोंदवही हा याहून अवघड मामला. स्वतः केलेल्या प्रसूतींची ठरावीक संख्या भरावी लागते. जिथे महिन्याला मोजकी बाळंतपणं होतात तिथे मुली जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूमबाहेर इतर तीन कॉलेजांच्या मुलींबरोबर नंबर लावून बसतात. मुलग्यांनी इथे खास चौकशी करावी. अभ्यासक्रम त्यांनाही प्रसूतीशास्त्र करायला लावतो, पण काही रुग्णालयं मुलग्यांना लेबर रूममध्ये उभं करत नाहीत. मग नोंदवही कशी भरते, हे वरच्या वर्गातल्या मुलग्यालाच विचारा. मुलांसाठी हॉस्टेल आहे का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. ‘होईल’ म्हणजे नाही.

मानसोपचाराच्या पोस्टिंगसाठी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. बाकी जिल्ह्यांतल्या कॉलेजांना मुलं तिकडे न्यावी लागतात. काही आठवडे राहणं, जेवण, प्रवास. हा खर्च फीत धरलेला आहे की ऐन वेळी गोळा करणार, हे लेखी विचारा. बी.एस्सी.त सत्र पद्धत आली आहे. आठवं सत्र सबंध इंटर्नशिपचं, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्या काळात विद्यावेतन मिळतं का, हाही प्रश्न आधीच टाकावा.

शिकवणाऱ्यांचं. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा निकष आहे. कागदावर तो प्रत्येक कॉलेजात पाळलेला असतो. खरं पाहायचं ते हे की वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत कोण उभं असतं. चांगल्या कॉलेजात ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर सकाळी साडेसातला गणवेशात हजर असतात, पहिलं कॅथेटर (लघवीची नळी) विद्यार्थिनीकडून स्वतःसमोर घालून घेतात. वाईट कॉलेजात हजेरी घेऊन परत जातात आणि मुली वॉर्डच्या सिस्टरच्या भरवशावर. त्या सिस्टरकडे आधीच तीस रुग्ण असतात. दुसरी खूण म्हणजे शिक्षक टिकतात किती. एका वर्षात प्रसूतीशास्त्राला तीन मॅडम झाल्या असतील तर त्यामागे बहुधा पगाराचा प्रश्न असतो, आणि नुकसान पेपरात दिसतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या सत्राकडे विशेष लक्ष द्यावं. विद्यापीठाचा पेपर इंग्रजीत लिहायचा असतो, आणि शरीररचना व शरीरक्रिया हे दोन जड विषय एकाच पेपरात दोन भागांत येतात. पहिल्या सत्रात जादा तास घेतात का, शब्दांच्या याद्या देतात का, मागच्या बॅचचे पहिल्या सत्रात किती जण पास झाले, हे विचारल्यावर ठोस आकडा सांगणारं कॉलेज भरवशाचं. ‘आमचा निकाल उत्तम’ हे उत्तर धरू नये.

लॅब दाखवायला सगळे उत्साहाने नेतात. तिथे डमी पाहून भारावून जाऊ नका, सलाईन लावायच्या रबरी हाताकडे पाहा. वापरलेल्या हाताची कातडी सुयांनी चाळण झालेली असते, कोपराच्या खळीत चिकटपट्टीचा मळ बसलेला असतो. कातडी गुळगुळीत असेल, डमीवर प्लास्टिक अजून चढलेलं असेल, तर ती लॅब दाखवायचीच आहे. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, दाबून पाहायला मागा; चिकटून बसलेला फुगा उघडत नसेल तर गेल्या वर्षात ती कोणी हातात घेतलेली नाही.

पैशांचं गणित आता. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. वरचे पैसे पावतीशिवाय मागितले तर ते देणगी आहे आणि महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने तिला बंदी आहे. फीच्या बाहेर जे येतं त्याची यादी बरीच लांब: गणवेशाचे जोड, बूट, फोब वॉच (गणवेशाला टाचायचं घड्याळ), बीपीचं यंत्र, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, संलग्न रुग्णालयाचं क्लिनिकल शुल्क, बस, मेस, अनामत, शैक्षणिक सहल. यातलं प्रत्येक थोडं थोडं वाटतं आणि वर्षाअखेर घाम फोडतं. चारही वर्षांचा मिळून लेखी तक्ता मागा, एका वर्षाचा नको.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अट एकच, पण मोठी: प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. एजंट ‘फेऱ्यांची वाट कशाला पाहता, आत्ताच सीट पक्की करू’ म्हणतो तेव्हा तो नेमकं हेच तुमच्या हातून घालवत असतो. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त यांच्या योजना, शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता हे सगळं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, भरायचं. मुलांची नेहमीची तक्रार अशी की कॉलेजचा बाबू अर्ज पुढे ढकलायला उशीर करतो आणि तोवर फीसाठी तगादा लावतो. त्यामुळे शिष्यवृत्तीचं काम कोण पाहतं, मागच्या वर्षीचे किती अर्ज अडकले, हेही विचारायच्या यादीत असू द्या.

सीईटीचा पेपर १०० गुणांचा, ९० मिनिटांचा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची, प्रत्येकी २० प्रश्न. नीटची तयारी केलेल्याला यात भीती वाटू नये. इंग्रजी आणि अभिरुचीचे चाळीस गुण मात्र अनेक जण गृहीत धरून गमावतात.

मूळ प्रमाणपत्रं कॉलेजात जमा ठेवायला लावणं आणि पास झाल्यावर त्याच रुग्णालयात नोकरीचा बाँड लिहून घेणं, या दोन प्रकारांविरुद्ध आयएनसीने स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. तरी हे चालतं. मूळ कागद पडताळणीसाठी दाखवा, परत घ्या, सत्यप्रती द्या. ठेवून घ्यावेच लागले तर कागदांच्या नावासह सही-शिक्क्याची पोच घ्या. ज्यांनी घेतली नाही त्यांची कोंडी कॉलेज बदलायच्या वेळी होते.

शेजारच्या राज्यातला स्वस्त प्रवेश, ‘हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या’, हा एजंटांचा आवडता माल. नर्सिंगमध्ये पदवीआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते, त्यामुळे असा प्रवेश मुळातच खोट्या कागदांवर उभा असतो. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला नर्सिंग कॉलेजांची तपासणी करावी लागली. त्या गोंधळात परीक्षा लांबल्या आणि प्रामाणिकपणे शिकणाऱ्यांचीही वर्षं गेली.

हॉस्टेल पाहाल तेव्हा खोलीपेक्षा मेसची वेळ विचारा. साडेसातच्या ड्यूटीला नाश्ता पावणेसातला तयार हवा, आणि दुपारी तीनला परतलेल्यांसाठी जेवण झाकून ठेवलेलं हवं. रात्रपाळीला रुग्णालय आवारात नसेल तर सोडायला गाडी आणि सोबत कोण, हे मुलींच्या पालकांनी विचारायलाच हवं.

विद्यार्थ्यांशी बोलायचं ते ऑफिसने समोर बसवलेल्या दोघींशी नको. कॉलेजच्या गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा ड्यूटी सुटायच्या वेळी बसथांब्यावर भेटा. ‘कॉलेज कसं आहे?’ विचारलंत तर ‘चांगलं आहे’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात कोणत्या वॉर्डात होतीस? आरटी फीड (नाकातल्या नळीतून अन्न) स्वतः दिलंस का? चुकलं तर मॅडम काय म्हणतात? दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी सगळ्यात मोकळं बोलते. पहिल्या वर्षाला अजून कळलेलं नसतं आणि शेवटच्या वर्षाला इंटर्नल गुणांची भीती असते.

परदेशाचे फ्लेक्स हल्ली जर्मनीच्या नावाने जास्त दिसतात. राज्य सरकारचा बाडेन-वुर्टेमबर्गशी २०२४ मध्ये करार झाला हे खरं. त्यावरून प्रत्येक कॉलेजचा जर्मनीशी करार आहे असं होत नाही. इंग्लंडसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि मग संगणकीय व प्रात्यक्षिक अशा दोन चाचण्या द्याव्याच लागतात, कॉलेज कोणतंही असो. कॉलेजकडून परदेशाला खरं लागतं ते ट्रान्स्क्रिप्ट: प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रात्यक्षिकाचे तास, शिक्का आणि सहीसह, बंद पाकिटात. हे काम बरीच कॉलेजं महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. ट्रान्स्क्रिप्ट किती दिवसांत देता आणि किती घेता, हा प्रश्न प्रवेशाच्या टेबलावरच विचारा आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.